कोळशामागे लपलेला मालक

११ फेब्रुवारी

आबा,

पाया पडते. एवढं लिहायला दोन कागद फाडले, पण लिहिलं. रागवायचं असेल तर पुढचं सगळं वाचून मग रागवा.

ताईचं पत्र आलं. तुम्ही तिच्याकडे सुखरूप आहात, खोकला कमी आहे, आणि जेवायला बसलात की ताट पुढ्यात ठेवून रडता, असं तिनं लिहिलंय. कुणासाठी म्हणून विचारलं तर तुम्ही म्हणालात, त्या उंच माणसासाठी. आबा, तो उंच माणूस माझा नवरा आहे आणि तो मेलेला नाही. आत्ता पलीकडच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसलाय, मी दार उघडं ठेवून हे लिहितेय. ज्याच्यासाठी रडायचं तो जिवंत असताना परगावी बसून रडायचं, हे मला समजत नाही. इथे या आणि त्याच्यासमोर रडा, त्याचं काही भलं तरी होईल.

तुम्ही गेल्यापासून मी लिहिलं नाही, कारण मला वाटलं तुम्ही लिहाल. तुम्हालाही तसंच वाटलं असणार. हा ताठा काही मला आईकडून आलेला नाही.

ताईला तुम्ही काय सांगितलंत ते मला ठाऊक नाही. म्हणून माझ्या बाजूनं एकदा लिहिते, तिलाही वाचून दाखवा.

आपला कारखाना तुम्ही चौघा जोडीदारांनी उभा केलात तेव्हा ठरवलंत, इथे मालक नसेल. मालक वरचा. सुट्टीच्या दिवशी तुम्ही इब्री लोकांचं, म्हणजे यहुद्यांचं, जुनं शास्त्र वाचायचात आणि सांगायचात, ह्या लोकांनाही आधी राजा नव्हता, देवच त्यांचा राजा होता. ऐकायला फार गोड. पण लोखंड ओतायचं तर कुणीतरी ‘ओता’ म्हणावंच लागतं. ते कोणी म्हणायचं, म्हणून तुम्ही हात देण्याची रीत काढलीत. साचा तयार झाला, शेकून वाळला, की ज्यानं ज्यानं त्यावर काम केलं त्यानं येऊन वाळूवर तळवा ठेवायचा. आम्ही वाळू चाळणाऱ्या बायका आधी, मग साचेवाले, मग भट्टीवाले. एकाचाही हात मागे राहिला तर त्या दिवशी ओतायचं नाही. साचा उघडायचा, पुन्हा शेकायचा. तुम्ही म्हणायचात, देवाला इथे तोंड नाही, तो मागे राहिलेल्या हातातून बोलतो.

मला ती रीत आवडायची, आजही आवडते. ओला साचा फुटताना ज्यानं पाहिलाय त्याला ती आवडणारच. आत ओलावा राहिला आणि त्यावर लोखंडाचा रस पडला की वाफ कोंडते, आणि मग जवळ कोण उभं होतं हे नंतर मोजावं लागतं. तुमच्या रितीमुळे आमच्यावर ती वेळ फारशी आली नाही.

मग लोकांनी मालक मागितला. तुम्ही आजही ते देवाविरुद्धचं बंड म्हणून सांगता. बंड कसलं, आबा? माझे दोघे भाऊ तुम्हीच भंगाराच्या काट्यावर बसवलेत. कुंपणच शेत खात होतं, सगळ्यांना दिसत होतं, तुम्हाला तेवढं दिसत नव्हतं. लोक आले आणि अगदी अदबीनं म्हणाले की तुमचं वय झालं, तुमचे मुलगे तुमच्यासारखे निघाले नाहीत, इतर कारखान्यांसारखा आम्हालाही एक मालक द्या. तुम्ही शास्त्रातली ती जागा काढलीत, जिथे म्हातारा द्रष्टा लोकांना बजावतो की राजा तुमची मुलं नेईल, मुली नेईल, मग ओरडाल तेव्हा कुणी ऐकणार नाही. आणि देव त्या द्रष्ट्याची समजूत घालतो की त्यांनी तुला नाही, मला झिडकारलंय, ती ओळ तर तुम्ही दोनदा वाचलीत. तुमचा आवाज मी जन्मापासून ऐकतेय. तुम्हाला त्या वेळी देवासाठी वाईट वाटत नव्हतं.

चिठ्ठ्या टाकल्या, ह्यांचं नाव निघालं, आणि हे कुठे सापडेनात. सगळा कारखाना पालथा घातला. शेवटी भट्टीवाल्या काकांनी कोळशाच्या ढिगामागून ह्यांना ओढून काढलं. नखशिखांत काळे आणि सगळ्यांपेक्षा डोकंभर उंच. कालपर्यंत ज्यांनी ‘शिडी, शिडी’ म्हणून चिडवलं तेच लोक टाळ्या वाजवायला लागले. मी पोट धरून हसले. मला वाटलं, ज्याला मालक व्हायची एवढी लाज आहे त्याच्यापासून कुणाला काय धोका? तुम्हीही हसलात. तुम्ही ह्यांच्या डोक्यावर हात ठेवलात, हात काळा झाला, तो पुसायला मी रुमाल दिला. आपल्या घरातला तो शेवटचा चांगला दिवस असेल हे तेव्हा कोणाच्या लक्षात येणार होतं?

त्यानंतर ठेकेदारानं सांगितलेलं ते मोठं चाक ओतायचा दिवस. तुम्ही सांगून गेला होतात, मी येतो, मी येऊन प्रार्थना म्हणतो, तोवर हात द्यायचे नाहीत. आम्ही थांबलो. रस तयार होता, तो थांबत नाही. लोक कंटाळून एकेक करून निघायला लागले. तुमचा पत्ता नाही. शेवटी ह्यांनी स्वतः प्रार्थना म्हटली आणि हात घेतले. एकही हात मागे राहिला नाही. चाक असं निघालं की ठेकेदार त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालत होता. आणि ते गार होत असताना तुम्ही आलात आणि सगळ्यांदेखत म्हणालात की तू थांबला नाहीस, देवानं तुला काढून टाकलंय. ह्यांनी तुमची बाही धरली, ती फाटली, तर म्हणालात, ही फाटली तसा हा कारखाना तुझ्याकडून फाडून घेतलाय. आबा, ती बाही मी बसल्या बसल्या शिवून दिली असती. तुम्ही तिच्यातून देवाचा निरोप काढलात.

चाक बिघडलं असतं तर मी तुमच्या बाजूनं उभी राहिले असते. ते अजून फिरतंय.

माझं मागणं एकच. या, आणि चारचौघांत म्हणा की शब्द माझा होता, मी तो मागे घेतो. बाकी काही नको.

तुमची,
धाकटी


३ एप्रिल

आबा,

उत्तर आलं नाही. ताई लिहिते की तुम्ही पत्र वाचलंत, घडी करून उशीखाली ठेवलंत आणि पुन्हा रडलात. खरं सांगू, तुमच्या रडण्याचा मला आता कंटाळा आला.

इथली हकीगत सांगते. हे जेवतात, पण घास घ्यायच्या आधी माझ्या तोंडाकडे बघतात. कारखान्यात उभे राहतात ते पाठ भिंतीला लावून. पूर्वी कुणाचा हात मागे राहिला की हे स्वतः खाली बसून साचा उघडायचे आणि त्या माणसाला चहा पाजायचे, म्हणायचे, वाचवलंस बाबा. आता कुणी तळवा ठेवताना जरा रेंगाळलं की ह्यांचे डोळे बारीक होतात. त्यांचंही चुकत नाही म्हणा. देव मागे राहिलेल्या हातातून बोलतो, आणि देवानं तर ह्यांना काढलंय. मग मागे राहिलेला प्रत्येक हात ह्यांच्या विरुद्धचाच असणार. हे तर्कशास्त्र तुमचंच आहे, ह्यांनी ते फक्त शेवटपर्यंत नेलं.

मागच्या आठवड्यात भंगारवाला आला. तो गावोगाव फिरतो आणि त्याच्या पोटात काही राहत नाही. काट्याजवळ बसून सगळ्यांदेखत म्हणाला, म्हातारबुवांनी दुसरा निवडलाय, गुपचूप त्याच्या डोक्यावर हातही ठेवलाय. कोण ते त्याला माहीत नव्हतं. हे तिथेच होते. भंगार उतरवून घेतलं, वजन केलं, गाडी फाटकाबाहेर जाऊ दिली. मग सगळ्यांना गोळा केलं आणि तुम्ही मागे ठेवून गेलेल्या शास्त्रावर हात ठेवून शपथ घेतली, की ह्यापुढे माझ्या साच्यावरून जो हात मागे घेईल तो त्याच पावली फाटकाबाहेर जाईल आणि परत येणार नाही, मग तो माझा सख्खा मुलगा का असेना.

मुलाचं नाव का घेतलं देव जाणे. बोलण्याच्या भरात घेतलं असेल, उचलली जीभ लावली टाळ्याला. शास्त्रातल्या त्या पहिल्या राजानंही अशीच शपथ घातली होती ना, लढाई संपेतो कुणी अन्नाला शिवायचं नाही म्हणून? आणि त्याच्याच मुलानं मध चाखला. तिथे लोक मध्ये पडले आणि मुलाला वाचवलं. आपले लोक मला माहीत आहेत. त्यांनी शपथ ऐकली आणि आपापल्या चपलांकडे बघत राहिले. एकटे भट्टीवाले काका म्हणाले, मालक, हे करू नका. ह्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की काका परत भट्टीकडे वळले.

भंगारवाला म्हणतो ते खोटं असेल तर चार ओळी लिहा, मी त्या फाटकावर चिकटवते. खरं असेल तर मला नाव कळवू नका. मला एक नवरा आहे आणि एक मुलगा आहे, दोघं एकाच फाटकातून कामाला जातात. संध्याकाळी दोघंही घरी यावेत एवढीच माझी प्रार्थना आहे, आणि ती मी तुमच्या मध्यस्थीशिवाय करते.

धाकटी


२० मे

आबा,

आज सुट्टी. हे एकटेच कालव्याकडे फिरायला गेलेत आणि तुमचा नातू माझ्यासमोर बसून शेंगा सोलतोय. आत्ताच त्यानं मला सांगितलं.

हिवाळ्यात मी त्याला तुमच्याकडे पाठवलं होतं, लोकरीची बंडी आणि खोकल्याचं औषध घेऊन. तुम्ही बंडी घेतलीत, औषध घेतलंत, ताईला बाजारात पाठवलंत, आणि त्याला गुडघे टेकायला सांगून त्याच्या डोक्यावर हात ठेवलात. वर म्हणालात, आईला सांगू नकोस. इतके महिने त्यानं ते पोटात ठेवलं. जो पोरगा लहानपणी साखर चोरून खायचा आणि स्वतःच येऊन सांगायचा, त्याला तुम्ही हे करायला लावलंत.

मी त्याला विचारलं, तुला त्या वेळी काय वाटलं? तो म्हणाला, "आजोबांनी सगळा भार माझ्यावर टाकला होता. मला वाटलं त्यांना आधार पाहिजे, म्हणून मी डोकं हलवलं नाही."

शास्त्रातला तुमचा द्रष्टा दुसरा राजा शोधायला निदान दुसऱ्याच्या घरी गेला. तुम्हाला माझंच घर सापडलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, हे मी माझ्या वडिलांबद्दल लिहीन असं वाटलं नव्हतं. त्या पहिल्या राजाच्या बायकोचं नाव सगळ्या शास्त्रात एकदाच येतं, असं तुम्हीच मला कधीतरी सांगितलं होतंत. तिला कुणी काही विचारलंही नाही. मला तेव्हा गंमत वाटली होती.

मी चिडलेली आहे, पण त्याहून जास्त घाबरलेली आहे, म्हणून नीट ऐका. ठेकेदारानं कालव्याच्या दरवाजाची चौकट सांगितलीय. एवढी मोठी वस्तू आपण आजवर ओतलेली नाही. साचा जमिनीत खड्डा करून बांधलाय, कारखान्याच्या मागच्या अंगाला, आणि त्याच बाजूला कालवा आहे. कालवा आता भरून वाहतोय. जमीन पाणी पिते हे सांगायला साचेवाला लागत नाही. नीट शेकायला वेळ हवा, तो ठेकेदार देत नाही, आणि हे ठेकेदाराला ‘नाही’ म्हणायला भितात, कारण ‘नाही’ म्हटलं तर लोक म्हणतील ह्याला कोणी विचारतच नाही. साच्याची तळाकडची बाजू तुमच्या नातवाकडे आहे. तिथे ओल आहे असं त्याच्या हाताला वाटलं तर तो काय करील ते तुम्हाला माहीत आहे. इकडे आड, तिकडे विहीर. हात दिला तर साचा, नाही दिला तर शपथ. आणि त्यानं हात मागे घेतला की ह्यांना कळेल तुम्ही कुणाला निवडलंय ते.

मी त्याला काय सल्ला दिला ते मी लिहीत नाही.

तुम्ही ह्यांना पत्र लिहा. लिहा की मी कुणाला निवडलेलं नाही, भंगारवाला खोटारडा आहे, जावईबापू, तुम्ही निश्चिंत असा. हे खोटं होईल, मला कळतं. देवासाठी जन्मभर खरं बोललात, माझ्यासाठी एकदा खोटं बोला. पत्र महिनाअखेरीच्या आत पोचलं पाहिजे.

धाकटी


२ जुलै

आबा,

ताईला निरोप गेला होता. ती आली, दोन दिवस राहून गेली. मी मागितलेलं पत्र आलं नाही, आणि तुम्हीही आला नाहीत. तिनं सांगितलं की तुमच्या अंगात ताप होता. असेल.

कसं झालं ते तिला मी सांगितलं नाही, तिनं लोकांकडून ऐकलं. तुम्हाला सांगते, कारण लोक जे सांगतात त्यात एक गोष्ट नाही.

चौकट ओतायच्या दिवशी ठेकेदार सकाळपासून येऊन बसला होता. आम्ही बायकांनी आधी हात दिला. माझ्या बाजूला वाळू कोरडी होती. ते अगदी खरं आहे, आणि खरं असून मला त्याचा काही उपयोग होत नाही. मग साचेवाले आले. तुमचा नातू तळाच्या बाजूला खड्ड्यात उतरला, तळवा ठेवला आणि उचलून मागे घेतला. मी त्याला सांगितलं होतं, काहीही झालं तरी हात दे, बाळा, माझ्यासाठी दे. त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही.

ह्यांनी विचारलं, हात का नाही? तो म्हणाला, खाली गार लागतंय. हे खड्ड्याच्या काठाशी आले. मग म्हणाले, "आजोबांनी हात ठेवला तो तूच का?"

तो म्हणाला, "हो, बाबा."

असं वाटलं की हे आता त्याला मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं, मारामारीत दिवस गेला असता आणि रस वाया गेला असता. हे फक्त म्हणाले, फाटक उघडं आहे. तो खड्ड्यातून वर आला, हात झटकले आणि गेला. लोकांनी त्याला वाट करून दिली. एकानंही तोंड उघडलं नाही. मीही नाही, आबा. मी विचार करत होते की तो फाटकापलीकडे गेला म्हणजे साच्यापासून लांब गेला.

त्याच्यानंतर उरलेल्यांनी हात दिले, भराभर, वरच्या कोरड्या बाजूला. काका शेवटी आले, हात न ठेवता उभे राहिले आणि म्हणाले, एक हात मागे राहिलाय, साचा उघडायला पाहिजे, आजवर दुसरं काही झालेलं नाही. हे म्हणाले, "ह्या कारखान्यात आता एकच हात मोजायचा."

मग हे स्वतः खड्ड्यात उतरले. त्या तळाच्या बाजूला जाऊन बसले आणि तळवा ठेवला. लोक म्हणतात, ह्यांनी हात लावला, ह्यांना साचा कोरडा वाटला, माणसाची चूक होते. मी समोर उभी होते. तळवा ठेवला आणि तसाच ठेवून राहिले. जन्मभर साचे बांधलेला हात तो, मी त्या हाताशी संसार केलाय. त्यांचा चेहरा आधी लालबुंद होता, तो हळूहळू साधा झाला, कोळशामागून बाहेर काढलं तेव्हा होता तसा. त्यांना कळलं होतं. पोरगा खरं बोलला हे त्यांना तिथे कळलं.

तेव्हा ‘थांबा’ म्हणायचं होतं. तेवढंच. ठेकेदार ओरडला असता, साचा उघडला असता, मुलाला कुणीतरी धावत जाऊन परत आणलं असतं. पण त्यांनी शास्त्रावर हात ठेवून शपथ घेतली होती, आणि मालकाचा शब्द मागे घेता येत नाही. मागे घेतलेला शब्द त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. तुम्ही तरी कुठे घेतला होतात?

ते वर आले आणि सगळ्यांना म्हणाले, भिंतीपलीकडे जा. काका म्हणाले, रसाच्या भांड्याजवळ दोन माणसं लागतात. हे म्हणाले, "एक शिडी पुरते. चला, बाहेर." ते नाव त्यांनी स्वतःच्या तोंडानं कधी घेतलं नव्हतं. लोक हसले, आबा. बाहेर जाता जाता दोघंतिघं हसले. मी मागे रेंगाळले तर माझ्या पाठीवर हात ठेवून मला दारापर्यंत आणलं, म्हणाले, "तू पण जा. पोराला शोध, तो उपाशी असेल."

बाकी तुम्हाला ठाऊक आहे. ओळख पटवायला मला बोलावलं नाही, उंचीवरून कळलं. दुसऱ्या कुणाला साधं पोळलंसुद्धा नाही. सगळे म्हणतात, केवढं नशीब.

मालक व्हायला नको म्हणून कोळशात लपणारा माणूस होता तो. त्याला तुम्ही सगळ्यांनी मिळून असा पक्का मालक केलात की जीव द्यायला तयार झाला आणि ‘चुकलं’ म्हणायला झाला नाही. मी ह्यात देवाला दोष देत नाही. देव तर खड्ड्यात होता, त्या गार वाळूत, अगदी स्पष्ट बोलत होता. त्याचं ऐकणारा एकच होता आणि त्याला आम्ही बाहेर काढलं.

तुमच्या ताटापुढच्या रडण्याबद्दल मी जे लिहिलं ते परत घेते. रडा. मला रडायला येत नाही, तर घरातल्या कोणीतरी रडावं.

धाकटी


१५ सप्टेंबर

आबा,

तुमचं पत्र मिळालं. अक्षर ताईचं आहे, पण बोलणं तुमचं. ताप उतरलाय, पुढच्या महिन्यात गाडीनं निघता, आणि देवानं निवडलेल्या आपल्या नातवाच्या डोक्यावर आता सगळ्यांसमोर हात ठेवायचाय, म्हणजे तुम्ही डोळे मिटायला मोकळे. इतके दिवस मी या या म्हणून लिहीत होते, तेव्हा तुम्हाला गाडी मिळाली नाही.

तुमच्या नातवाची हकीगत ऐका. तो दुसऱ्या गावी, दुसऱ्या एका कारखान्यात लागला होता. मी त्याला म्हटलं, तिथेच राहा, हातात विद्या आहे, लग्न कर, मीही येते. तो हो म्हणाला. तो मला न्यायला आला, मी भांडी बांधायला काढली होती. मग लोक आले. तेच, चपलांकडे बघणारे. आमच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, आमचं चुकलं, चल, आम्हाला तू पाहिजेस, तुझ्या आजोबांनी तुलाच निवडलंय, सगळ्या पंचक्रोशीला माहीत आहे. मी दार लावून घेत होते. त्यानं दार धरलं.

मी त्याला विचारलं, तुझ्या बापाचं काय झालं ते पाहिलंस ना? तो म्हणाला, मी नाही म्हटलं तर ठेकेदार कुणालातरी आणून बसवील, आणि तो हात देण्याची रीत मोडून टाकील. मी बांधलेली भांडी पुन्हा फळीवर लावली. 

पहिल्या दिवशी त्यानं हात देण्याची रीत पुन्हा सुरू केली. शपथ रद्द म्हणून सांगितलं. खड्डा बुजवला आणि मोठे साचे फाटकाच्या बाजूला, उंचवट्यावर हलवले. ठेकेदाराला तोंडावर सांगितलं, वेळ लागेल, जमत नसेल तर दुसरीकडे जा, आणि ठेकेदार गेला नाही. काका मला म्हणाले, पोरगं सोनं आहे. मलाही वाटलं. दोन आठवडे मी रात्री झोपले.

काल त्याला तुमचं पत्र वाचून दाखवलं. मला वाटलं होतं त्याला बरं वाटेल. त्यानं ऐकून घेतलं, जेवण संपवलं, हात धुतले, आणि म्हणाला, आजोबांना कळव, इथे यायचं नाही. कारखान्यात नाही आणि घरातही नाही. मी म्हटलं, अरे, म्हातारा माणूस आहे, मरायच्या आधी तुला बघायला येतोय. तो म्हणाला, "आई, त्यांनी बाबांच्या डोक्यावर हात ठेवला आणि मग काढून माझ्यावर ठेवला. उद्या तो तिसऱ्याच्या डोक्यावर जाणार नाही कशावरून?"

आवाज चढला नव्हता त्याचा. तुम्ही निवाडा सांगताना जसं बोलायचात तसं बोलला. आज सकाळी त्यानं फाटकावरच्या माणसाला तुमचं वर्णन सांगून ठेवलंय, दाढी, काठी, बंडीचा रंगसुद्धा.

हे एवढे बिथरले होते तरी तुम्हाला फाटक बंद करा असं त्यांच्या तोंडून कधी आलं नाही. शेवटपर्यंत रस्त्याकडे बघत होते.

तो वाईट नाही, आबा. त्याचं म्हणणं चूक आहे असंही मला म्हणता येत नाही. तुमची निवड अचूक होती, पोरगा मालक झालाय. तुमच्याकडे आत्तापर्यंत मी जे जे मागितलं ते विसरा आणि हे एकच ऐका, येऊ नका. माझ्या मुलानं माझ्या बापाला फाटकावरून परत पाठवलेलं मला बघायचं नाही, आणि मी मध्ये पडणार नाही, कारण मला आता तेवढा मुलगाच उरलाय.

धाकटी